राजनिष्ठ प्रजेच्या तळहाताचा ठसा

एकच पान. वर छापील इंग्रजी मजकूर आणि मधल्या मोकळ्या जागा शाईनं भरलेल्या: नाव, जन्मस्थान, वय, उंची, वर्ण, बांधा, केस, डोळे, अंगावरची खूण. सोबत दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूनं, तुरुंगात कैद्याचे काढतात तसे. डोक्याला पागोटं, अंगात कोट, नजर सरळ. पान उलटलं की मागं काळ्या शाईत उमटलेला अख्खा हात. बोटं फाकलेली, तळव्यावरची रेघ न् रेघ स्पष्ट. नांगर धरून, गाठोडी उचलून, घोड्याचा लगाम ओढून घट्टे पडलेला हा हात आहे, हे शंभर वर्षांनंतरही कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असे हजारो कागद जपून ठेवलेले आहेत. सरकारी भाषेत हा ‘श्रुतलेखन परीक्षेतून सूट दिल्याचा दाखला’. वर्षानुवर्षं तिथं राहिलेला हिंदी माणूस आईला भेटायला, लग्नाला किंवा जमिनीची वाटणी करायला गावी निघाला की हा दाखला काढून ठेवायचा. तो नसेल, तर परतताना बंदरावरचा अधिकारी त्याला कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा घालायचा आणि उतारा चुकला की आल्या बोटीनं परत पाठवायचा. (‘हिंदी माणूस’ हा शब्द मी त्या काळच्या मराठीत होता तसाच वापरतो आहे. हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा, मग तो पंजाबी असो, सिंधी असो की कोकणातला.)

हा माणूस परका नव्हता. चिनी आणि जपानी माणूस कायद्यानं परदेशी होता. जालंधरचा शेतकरी मात्र जन्मानं ब्रिटिश प्रजाजन होता, मेलबर्नच्या गोऱ्या वाण्याइतकाच. दोघांच्या खिशातल्या नाण्यावर एकाच राजाचं तोंड होतं. तरी एकाला बोटीतून उतरताना कुणी हटकत नसे आणि दुसऱ्याला तळहात काळा करून द्यावा लागे. त्या दुसऱ्या माणसाच्या राजनिष्ठेबद्दल मला लिहायचं आहे.

राजनिष्ठा हा शब्द आपल्या तोंडी आज जवळजवळ शिवीसारखा येतो. शाळेच्या पुस्तकात जहाल आणि मवाळ असे दोन कप्पे होते. जहालांच्या कप्प्यात तुरुंग, फाशी, अंदमान. मवाळांच्या कप्प्यात अर्ज, विनंत्या, मानपत्रं. एकाची छाती अभिमानानं फुगायची, दुसऱ्याबद्दल मनात थोडी लाज असायची. मीही तसाच वाढलो. पण ती जुनी मानपत्रं नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या परिच्छेदात राणीचा जयजयकार असतो, तिच्या छत्राखाली लाभलेल्या शांततेबद्दल कृतज्ञता असते आणि मग तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात हळूच मागणं येतं. आपण पहिला परिच्छेद वाचून पान मिटतो. लिहिणाऱ्याचा जीव तिसऱ्यात अडकलेला असायचा.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण पुण्याचं आहे. १८७७ च्या १ जानेवारीला व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-इ-हिंद’ जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटननं दिल्लीला दरबार भरवला. दख्खनेत तेव्हा दुष्काळ पडला होता, माणसं आणि जनावरं पटापट मरत होती. हिरे-माणकांनी लगडलेल्या त्या दरबारात पुणे सार्वजनिक सभेच्या वतीनं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातच्या सुताचे जाडेभरडे पांढरे कपडे घालून गेले. सभेच्या मानपत्रात राणीचं अभिनंदन होतं आणि मागणी होती ती हिंदुस्थानच्या लोकांना ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा ही. आधार होता १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याचा. बंडानंतर राणीनं त्यात वचन दिलं होतं, की वंश किंवा धर्म न पाहता सगळ्या प्रजेला सारखं वागवलं जाईल. पुढची साठ वर्षं न्यायमूर्ती रानडे, दादाभाई, गोखले, सगळ्यांनी हाच कागद सरकारच्या नाकासमोर धरला. टिळकांनी राजद्रोहाची शिक्षा भोगली, पण मंडालेहून सुटून आल्यावर १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू होताच त्यांनीही राजनिष्ठेचं निवेदन प्रसिद्ध केलं. त्याला कुणी मिंधेपणा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग ऑस्ट्रेलियातल्या फेरीवाल्याला वेगळं माप का लावायचं?

तिथं आपली माणसं फार आधीपासून गेलेली आहेत. १८३७ मध्ये जॉन मॅके नावाच्या व्यापाऱ्यानं कलकत्त्याहून मजूर नेले, त्यांना कागदोपत्री ‘धांगर’ म्हटलं आहे. मराठी वाचकाला हा शब्द दिसला की कान टवकारतात, पण हे आपले मेंढपाळ धनगर नव्हेत, छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी होते. १८६० च्या जूनमध्ये बर्क आणि विल्स या शोधकांच्या मोहिमेसाठी मेलबर्नला चोवीस उंट उतरले आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही आले. पुढं सरहद्द, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथून उंटवाले येत राहिले आणि तिथल्या लोकांनी त्या सगळ्यांना ‘अफगाण’ हे एकच नाव देऊन टाकलं. पाणी, लोकर, तारेचे खांब, सोन्याच्या खाणींसाठी लागणारं सामान हे सगळं रेल्वे येईपर्यंत त्यांच्या उंटांवरून वाळवंटात गेलं. १८९० नंतर व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये पंजाबी फेरीवाले दिसू लागले. आधी पाठीवर गाठोडं, पैसे साठले की घोडागाडी. कापड, सुया, बटणं, फिती, साबण घेऊन ते मैलोन् मैल एकट्या पडलेल्या शेतघरांवर जात. दुकान जिथं दोन दिवसांच्या वाटेवर, तिथल्या बायकांना या फेरीवाल्याची वाट पाहावी लागे. विसावं शतक उजाडलं तेव्हा अख्ख्या खंडात ही माणसं चार-पाच हजारांच्या घरात होती. बायका जवळजवळ नव्हत्याच. मराठी माणसं अगदी तुरळक. तेव्हा हा लेख ‘आपल्या’ माणसांबद्दल आहे असं म्हणताना मी आपला या शब्दाची कड थोडी रुंद करतो आहे. वाचकही करील अशी खात्री आहे.

आता १८९७ सालाकडे येऊ. या सालाचा एक धागा थेट पुण्यात अडकलेला आहे.

२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. प्लेगच्या तपासणीनं पुणं पोळलेलं. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर आणि त्यांच्या भावानं प्लेग अधिकारी रँडचा वेध घेतला. राणीबद्दल दामोदरपंतांचं मत त्याआधीच मुंबईला दिसलं होतं, तिच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून. ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. दोनच दिवसांनी लंडनमध्ये काय झालं ते मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्याच महोत्सवासाठी जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांची परिषद २४ जूनला सुरू झाली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी तिथं ऑस्ट्रेलियाच्या पुढाऱ्यांना समजावलं, की तुमच्या किनाऱ्यावर कोण उतरावं हे ठरवण्याची तुमची इच्छा आम्हाला समजते, पण कायद्यात रंगाचा किंवा वंशाचा उल्लेख करू नका. राणीच्या हिंदी प्रजेला ते झोंबेल, राणीलाही क्लेश होतील. दुसरी वाट आहे, नाताळची.

नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली वसाहत. तिनं त्याच वर्षी कायदा केला, त्यात हिंदी माणसाचं नावही घेतलं नाही. युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच अट. कायदा कुणासाठी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी जानेवारीत डर्बनच्या रस्त्यावर गोऱ्या जमावानं एका तरुण हिंदी बॅरिस्टरला मारहाण केली होती. ते मोहनदास गांधी. राणीच्या न्यायावर त्यांची तेव्हा गाढ श्रद्धा होती. दोन वर्षांनी बोअर युद्धात त्यांनी ब्रिटिशांसाठी जखमींच्या डोल्या वाहिल्या.

राणीच्या हिंदी प्रजेचं मन दुखू नये म्हणून तिला अडवण्याची सभ्य रीत शोधून काढली, हा त्या परिषदेचा अर्थ. चार वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या सहा वसाहतींचं संघराज्य झालं. जानेवारी १९०१ मधल्या त्या उत्सवासाठी हिंदुस्थानातून सैनिकांची खास तुकडी बोलावली होती आणि फेटे बांधलेले जवान पाहायला तिथल्या लोकांनी गर्दी केली. त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला प्रवेश-निर्बंध कायदा मंजूर झाला आणि नाताळची युक्ती तिथं श्रुतलेखन परीक्षा होऊन बसली. भाषा निवडायची ती अधिकाऱ्यानं. इंग्रजी येणारा दिसला तर त्याला दुसऱ्याच एखाद्या भाषेतला उतारा घालता येई. १९०९ नंतर ही परीक्षा एकही जण उत्तीर्ण झाला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या झेक लेखकाला स्कॉटिश गेलिकमधला उतारा घातला गेला, तेव्हा तिथल्या गोऱ्या लोकांनाही या प्रकाराची शरम वाटली. पण परीक्षा रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

या कायद्याच्या कर्त्यांत आल्फ्रेड डीकिन हे नाव ठळक आहे. हा माणूस हिंदुस्थान पाहून गेलेला, आपल्या देवळांवर आणि कालव्यांवर दोन पुस्तकं लिहिलेला. आपली देवळं त्याला आवडली होती. शेजारी म्हणून आपण चालणार नव्हतो.

पुढचा घाव मतदानाचा. १२ जून १९०२ ला संघराज्याचा मताधिकार कायदा झाला. जगात फार थोड्या ठिकाणी स्त्रियांना मत होतं तेव्हा ऑस्ट्रेलियानं ते दिलं, याबद्दल त्या देशाचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. त्याच कायद्यानं ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि आशिया, आफ्रिका, पॅसिफिक बेटं इथल्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवलं. वर्षानुवर्षं कर भरणारा, राजाच्या वाढदिवसाला गाडीवर निशाण लावणारा शीख फेरीवाला त्यात आपोआप आला.

कुठं दाद मागणार? संसदेत त्याचं कुणी नव्हतं. वर्तमानपत्रं त्याला उपद्रव म्हणत. मायदेशी सरकार परकं. उरला तो एकच आधार, की मीही त्याच राजाची प्रजा आहे. गव्हर्नरला अर्ज, दौऱ्यावर आलेल्या राजपुत्राला मानपत्र, युद्धनिधीला वर्गणी, या सगळ्यामागं हा आधार होता. बुडणारा माणूस ओंडका धरतो तेव्हा ओंडक्यावर त्याचं प्रेम आहे का, हे आपण विचारत नाही.

पहिल्या महायुद्धानं या निष्ठेला धार आली आणि भीतीही चिकटली. १ जानेवारी १९१५ ला ब्रोकन हिल या खाणींच्या गावी सहलीला निघालेल्या आगगाडीवर दोघांनी गोळ्या झाडल्या. उघड्या डब्यांतून बायका-मुलं घेऊन बाराशे माणसं निघाली होती. हल्लेखोरांपैकी एक मुल्ला अब्दुल्ला, आधी उंटवाला आणि पुढं खाटीक. दुसरा गुल मोहम्मद, आईसक्रीमची गाडी चालवणारा. तुर्कस्तानचा सुलतान युद्धात उतरला होता आणि त्याचं निशाण त्यांनी त्या आईसक्रीमच्या गाडीवर लावलं होतं. चार जण मेले, हल्लेखोर दोघेही मारले गेले. संतापलेल्या जमावानं गावातला जर्मन क्लब जाळला आणि मोर्चा उंटवाल्यांच्या छावणीकडे वळवला. पोलिस आणि लष्कर आडवं उभं राहिलं म्हणून छावणी वाचली.

त्या रात्री छावणीत बसलेल्या माणसांचा विचार करा. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनाच दुसऱ्या दिवसापासून आपण राजाशी एकनिष्ठ आहोत हे सांगत फिरणं भाग होतं. गोऱ्या शेजाऱ्याची निष्ठा गृहीत धरलेली असते. स्थलांतरिताला ती पुनःपुन्हा सिद्ध करून दाखवावी लागते. मुंबईत, पुण्यात, नागपुरात कुणाकुणाला आजही असं सिद्ध करावं लागतं, हे वाचकाला मी सांगायला नको.

काहींनी याहून पुढचं पाऊल उचललं आणि ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातच नाव घातलं. मुळात युरोपीय वंशाच्या माणसांचंच ते सैन्य, पण मोजके हिंदी भरती झाले. नैनसिंग सैलानी आणि सरनसिंग हे त्यांतले दोघं जून १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पडले. गॅलिपोलीच्या कड्यांवर तुर्कांशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन जवानांना पाणी आणि दारूगोळा पोचवणारे खेचरवाले हिंदी होते. गाढवावरून जखमी वाहून नेणारा सिम्पसन तिकडं जवळजवळ संतपदाला पोचलेला आहे, त्याचा मुक्कामही तिथं हिंदी डोंगरी तोफखान्याच्या तळावर असे. आणि त्याच तुर्कांशी इराकमध्ये लढून १९१६ च्या एप्रिलमध्ये कुतच्या वेढ्यात उपासमारीनं शरण गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या कैदेतून कित्येक घरी परतलेच नाहीत.

एवढं रक्त सांडल्यावर हिशेब मागणं आलंच. तो मागायला पुण्याचा माणूस गेला.

जन्मानं ते पुण्याचे नव्हते. वालंगैमान श्रीनिवास शास्त्री तंजावर भागातले, मद्रासला ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे हेडमास्तर. १९०७ मध्ये नोकरी सोडून ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले. फर्ग्युसन कॉलेजामागच्या टेकडीवर १२ जून १९०५ च्या सकाळी गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली, मग द्रविड, देवधर आणि पटवर्धन यांना दिली, तो हा समाज. ऑस्ट्रेलियाचा मताधिकार कायदा झाला त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं पूर्ण होत होती. समाजाच्या घटनेतच ब्रिटिशांशी असलेला संबंध हा हिंदुस्थानच्या भल्यासाठी ईश्वरी योजना म्हणून स्वीकारला होता. १९१५ मध्ये गोखले गेले आणि शास्त्री अध्यक्ष झाले.

१९२१ च्या साम्राज्य परिषदेत शास्त्रींनी ठराव करवून घेतला, की वसाहतींत कायदेशीर वस्ती करून राहिलेल्या हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क मिळणं इष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेनं अंग काढून घेतलं, ऑस्ट्रेलियानं मान डोलावली. मान डोलावणाऱ्याला त्याच्या घरी जाऊन आठवण करून द्यायची, म्हणून १९२२ च्या उन्हाळ्यात शास्त्री बोटीत बसले. चिटणीस म्हणून सोबत गिरिजाशंकर वाजपेयी होते.

त्या वेळी इकडं काय चाललं होतं? ज्या राजपुत्र एडवर्डला १९२० मध्ये ऑस्ट्रेलियानं डोक्यावर घेतलं, तोच १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला तेव्हा शहर पेटलं. बहिष्कार, विदेशी कापडाची होळी, मग दंगली आणि पन्नासाहून जास्त मृत्यू. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला आणलं. म्हणजे एकाच पुण्याच्या एका टोकाला सम्राटाशी नातं तोडणारा कैदी, दुसऱ्या टोकाला सम्राटाशी नातं मानणाऱ्या समाजाचं कार्यालय, आणि त्या समाजाचा अध्यक्ष सातासमुद्रापलीकडे त्याच सम्राटाचं नाव घेऊन फेरीवाल्यांसाठी मत मागतो आहे. दोघंही गोखल्यांना गुरू मानणारे, दोघांचा एकमेकांवर अतिशय लोभ.

शास्त्रींना घरी फार बोलणी खावी लागली. सरकारचा माणूस, प्रिव्ही कौन्सिलर, राजनिष्ठ. पण पर्थपासून ब्रिस्बेनपर्यंत ते बोलले तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी हिंदी माणसाच्या तोंडून असलं इंग्रजी प्रथमच ऐकलं. त्यांचा मुद्दा साधा होता. नव्या माणसांना येऊ द्या असं मी म्हणत नाही, ते तुम्ही ठरवा. जे इथं आहेत, म्हातारे होत चालले आहेत, मूठभर आहेत, त्यांना मत द्या. त्यांच्या मतानं तुमचं काही बिघडणार नाही, पण ते नाकारल्यानं तीस कोटी लोकांचा अपमान होतो. पंतप्रधान ह्यूज यांनी सहानुभूती दाखवली, प्रश्न संसदेपुढं ठेवण्याचं आश्वासन दिलं. काही महिन्यांत ते पायउतार झाले.

माझ्या मते शास्त्रींची चूक एकच, की नव्यांसाठी बंद असलेला दरवाजा त्यांनी मान्य करून टाकला. पण त्या दरवाजाच्या आत अडकलेल्या दोन-अडीच हजार माणसांसाठी जायला दुसरं कोण तयार होतं? आपण सगळे असहकारात गुंतलो होतो. ते महत्त्वाचं होतंच. पण बॅलरॅटच्या किंवा ब्रिस्बेनच्या फेरीवाल्याला स्वराज्य येईस्तोवर थांबायला सांगणं सोपं नव्हतं. त्याचं वय साठ होतं.

आश्वासन हवेत राहिलं असतं. त्याला जमिनीवर आणलं एका सामान्य माणसानं. मेलबर्नला राहणाऱ्या, कागदोपत्री ‘मित्ता बुल्लोश’ असं नाव लागलेल्या हिंदी रहिवाशानं १९२४ मध्ये निवडणूक खात्याला न्यायालयात खेचलं. ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या ४१ व्या कलमात म्हटलं आहे, की ज्याला राज्याच्या विधिमंडळासाठी मत आहे त्याला संघराज्याचा कोणताही कायदा मतापासून दूर ठेवू शकत नाही. बुल्लोशला व्हिक्टोरियात मत होतं. मग देशाच्या निवडणुकीत का नाही? न्यायाधीशानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. सरकारनं आधी वरच्या न्यायालयात जायचं ठरवलं, मग विचार बदलून १९२५ मध्ये कायदाच दुरुस्त केला. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना मत मिळालं. १९२६ मध्ये वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन मिळालं. राज्याच्या निवडणुकांसाठी क्वीन्सलँडनं १९३० पर्यंत आणि पश्चिम ऑस्ट्रेलियानं १९३४ पर्यंत दार लावून धरलं होतं, तेही उघडलं.

इथं मन खट्टू करणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. राजाचे प्रजाजन म्हणून हिंदी माणसाला जे मिळालं, ते ज्यांची ती भूमी होती त्या मूळ रहिवाशांना मिळालं नाही. तेही त्याच राजाचे प्रजाजन होते. देशाच्या निवडणुकीत त्या सगळ्यांना मत मिळायला १९६२ साल लागलं. आपल्या माणसांच्या विजयाची गोष्ट सांगताना ही ओळ गाळली, तर ती गोष्ट अर्धी राहते.

हक्क मिळाले तोवर ते उपभोगणारे विरळ झाले होते. बायकामुलं बहुतेकांची गावीच राहिली होती, नवे येत नव्हते, एकेक गाडी थांबत गेली. पूरनसिंग नावाचे फेरीवाले १८९९ च्या सुमारास जालंधरकडून आले आणि पश्चिम व्हिक्टोरियात जवळजवळ अर्धशतक घोडागाडी घेऊन फिरले. ८ जून १९४७ ला ते वारले, हिंदुस्थान स्वतंत्र व्हायला जेमतेम दहा आठवडे उरले असताना. जन्मले ब्रिटिश प्रजाजन म्हणून, गेले ब्रिटिश प्रजाजन म्हणून. अस्थी गंगेत पडाव्यात ही त्यांची इच्छा. नेणारं कुणी नव्हतं, तेव्हा वॉर्नंबूलच्या एका अंत्यसंस्कार करणाऱ्या गोऱ्या कुटुंबानं त्या सांभाळून ठेवल्या. एक पिढी गेली, दुसरी आली, अस्थी तिथंच. शेवटी जुलै २०१० मध्ये कपिल देव स्वतः तिथं जाऊन त्या घेऊन आला. त्रेसष्ट वर्षं परक्याच्या अस्थी जपणाऱ्या त्या कुटुंबापुढं मी हात जोडतो. राजमुकुटानं जे पाळलं नाही, ते शेजाऱ्यानं पाळलं.

आज चित्र पार बदललं आहे. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ऑस्ट्रेलियन ६ लाख ७३ हजार भरले. परदेशात जन्मलेल्यांत तेव्हा इंग्लंडच्या खालोखाल आपण होतो, चीनच्याही पुढं. मेलबर्न-सिडनीत मराठी मंडळांचे गणपती बसतात, दिवाळी पहाट होते, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भरतात. २६ जानेवारीला ऑस्ट्रेलिया दिन असतो आणि त्या दिवशी गावोगावी नागरिकत्वाचे समारंभ होतात. आपल्या प्रजासत्ताकदिनीच आपली माणसं तिथं उभं राहून प्रतिज्ञा घेतात. १९९४ पासून या प्रतिज्ञेत राजा किंवा राणीचं नाव उरलेलं नाही; निष्ठा ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या लोकांशी वाहायची असते. त्याआधी नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र राणीचं नाव घ्यावं लागलं होतं. तुमच्या ओळखीत सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलेले कुणी काका-काकू असतील तर त्यांना विचारा, ते शब्द उच्चारताना काय वाटलं होतं. ज्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत होते, त्यांच्याकडून येणारं उत्तर लिहून ठेवण्यासारखं असेल.

संसदेत मात्र राजा अजून आहे. ऑस्ट्रेलियाच्या घटनेच्या शेवटी खासदाराच्या शपथेचा नमुना छापला आहे, त्यात आजही व्हिक्टोरिया राणीचं नाव आहे आणि खाली टीप, की गादीवर जो असेल त्याचं नाव घालावं. १९९९ च्या सार्वमतात प्रजासत्ताकाचा प्रस्ताव सुमारे ५५ टक्के लोकांनी फेटाळला, त्यामुळं ती टीप चालूच राहिली. २०२२ मध्ये याच नियमानं झनेटा मास्कारेन्हास खासदार झाल्या. आईवडील मूळचे गोव्याचे, केनियामार्गे ऑस्ट्रेलियाला गेलेले. झनेटा यांचा जन्म मात्र काल्गूर्लीचा. ज्या सोन्याच्या पट्ट्यात उंटवाल्यांनी पाणी वाहिलं, तोच हा मुलूख. फेब्रुवारी २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाचेच वरुण घोष सिनेटमध्ये आले आणि त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून राजा चार्ल्सशी निष्ठेची शपथ घेतली.

तो फोटो इकडच्या वर्तमानपत्रांतही आला. गीतेवर ठेवलेला हात. मला त्याच्या शेजारी दुसरा हात दिसत राहिला, काळ्या शाईतला, बोटं फाकलेला.

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ते दाखले सरकारनं सांभाळले आहेत, त्यांतले बरेच संगणकावर चढवले आहेत आणि कुणालाही पाहता येतात. नावं इंग्रज कारकुनांनी ऐकली तशी लिहिलेली आहेत, गावांची नावं तर ओळखू येऊ नयेत इतकी मोडलेली. शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलांना एक दुपार द्या, ते कागद समोर ठेवा आणि ती नावं नीट लावायला सांगा. पंजाबी आणि सिंधी शेजाऱ्यांना सोबत घ्या, त्यांना गावं चटकन ओळखता येतील. मुंबई इलाख्यात जन्मलेला कुणी सापडला, तर त्याचं नाव देवनागरीत लिहून त्याच्या गावाला कळवा.